पाहुण्याला नवा तांदूळ

आमच्या धानपट्ट्यात पाहुण्याला नवा तांदूळ वाढत नाहीत. नव्या तांदळाचा भात चिकटतो, त्याचा गोळा होतो. पाहुण्याला वर्षभर कणगीत मुरलेला जुना तांदूळ लागतो, शितं मोकळी, एकमेकाला न धरणारी. नवा खायचा तो फक्त घरच्यांनी. घरच्या माणसाची लाज कशाची!

आणि नव्या तांदळाचा पहिला भात घरच्यांनी एका जागी बसूनच खायचा असतो. त्याला आम्ही नवं खाणं म्हणतो. भावकीतली चार-पाच घरं येतात, खीर होते. जो घरचा माणूस त्या दिवशी हजर नसेल, त्याच्या नावाचा घास पळसाच्या पानावर काढून वर भाताचा पितळी गंज पालथा घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घास गायीला देतात. घास काढला म्हणजे माणूस घरचा. नाही काढला म्हणजे नाही. एवढं सोपं आहे, म्हणून मलाही कळतं. मी चौथी शिकलेला माणूस आहे.

चार वर्षांपूर्वी त्याच दिवशी, भावकीसमोर, मी माझ्या नातीचा घास बंद केला.

ती पाच वर्षांची होती तेव्हापासून आमच्याजवळ. माझा मुलगा ट्रक चालवतो, सुनेला घेऊन गोंदियात भाड्याच्या खोलीत राहतो. पोरगी मात्र गावात, मी आणि माझी बायको यांच्या मध्ये वाढली. दवनीवाड्याच्या शाळेत माझ्या सायकलवर बसून गेली, मग स्वतःच्या सायकलवर गेली, मग कॉलेजसाठी गोंदियाला जाणं-येणं करू लागली. त्याच काळात तिला कोरियाचं वेड लागलं. मोबाईलवर त्यांच्या मालिका पाहायची. पाहता पाहता त्यांची भाषा शिकली. अंगणात धान वाळवायला बसली की पायानं धान फिरवायची आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, पोरीला कोणी धरलं. बायको म्हणाली, "शिकून राहिली. शिकू द्या."

मग त्या नव्याच्या दिवशी, खीर वाढून झाल्यावर, तिनं सांगितलं की पुण्याला कोरियावाल्यांच्या हॉटेलात नोकरी लागली.

"हॉटेलात?" मी म्हटलं. "ताटं उचलाले?"

"ताटं नाई, आबाजी. गिऱ्हाइकाशी बोलाले. त्याईची भाषा येते मले."

"उष्टं ते उष्टं. कोरियाचं असो का आपल्या कोहमाऱ्याचं. आपण लोकाईले तांदूळ देणारी माणसं आहोत."

"मंग मीही देईनच ना," ती म्हणाली. "तू पोत्यात देते, मी वाटीत देईन."

भावकीतले लोक हसले. माझा चुलतभाऊ तर मांडीवर थाप मारून हसला. ते हसले नसते तर मी काही बोललो नसतो, असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे. ते खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मंग जा. आजपासून या घरातला तुहा घास बंद."

पोरीनं ताट पूर्ण केलं. एक शीत ठेवलं नाही. हात धुतले आणि गेली.

पुढची दोन वर्षं नव्याच्या दिवशी मी गंजाकडे पाहायचं टाळलं. मुलगा ट्रकवर असायचा, त्याचा एक घास असायचाच. पण गंज थोडा तिरपा बसायचा. खाली एक नव्हे, दोन घास असले म्हणजे तो तसा बसतो. बायको काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

मग बायको गेली. पोरगी आली, बापाच्या खोलीवर उतरली, मातीला आली, माझ्या पाया पडली आणि गेली. एक शब्द नाही. मीही कशाला बोलू? मी मोठा आहे.

त्या वर्षी घास काढायचं काम माझ्याकडे आलं. मुलाचा काढला. सून समोर बसली होती. ती माझ्या हाताकडे पाहत होती. मी हात आवरला आणि गंज घातला. सरळ बसला.

एका माणसाचा भात नीट होत नाही. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. मूठभर तांदूळ गंजात कुठच्या कुठं जातो, करपतो तरी किंवा चिखल तरी होतो. सून म्हणाली, गोंदियाला या. मी नाही गेलो. माझी धानाची बांधी इथं आहे, मी तिथं ट्रकच्या कर्कश हॉर्नात काय करू? शिकलो हळूहळू. पाणी किती, जाळ किती. जुन्या तांदळाला किती, नव्याला किती. तिघांचं घर होतं तेव्हा मला चुलीत लाकूड कोणत्या बाजूनं घालतात तेही माहीत नव्हतं. आता सगळं येतं आणि खाणारा मी एकटा.

यंदा पावसानंतर पोरीच्या खोलीतलं लाकडी कपाट उन्हात काढलं, वाळवी लागली होती म्हणून. दाराच्या आतल्या बाजूला एक लाल कागद चिकटवलेला. शेवयांसारख्या कशाचं तरी रिकामं पाकीट, उलगडून सरळ केलेलं. त्यावर कोरियाची अक्षरं. नुसते गोल आणि काड्या, जशी पोरं मातीत खेळताना मांडतात. मी ते नखानं सोडवलं. मागं भाताची वाळलेली शितं. माझ्या घरच्या भातानं तिनं ते चिकटवलं होतं आणि सहा-सात वर्षं ते सुटलं नव्हतं.

म्हणून मी पुण्याला गेलो. कारण एवढंच. हलका, लवकर येणारा धान निघाला होता, नवा तांदूळ गिरणीवरून आला होता आणि भावकी विचारून राहिली होती, नवं कोणत्या दिवशी? मी म्हटलं, "थांबा. डोळ्याले कमी दिसते. डॉक्टरले दाखवून येतो."

सुनेला फोनवर विचारलं, "ते पुण्यात कुठं राहते?" नाव घेतलं नाही.

"तिनं सांगू नका म्हटलं, बाबा. कोरियावाल्यांच्या दुकानात आहे, एवढंच."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही. कोरियावाल्यांची दुकानं असून असून असतील किती? एक असेल, दोन असतील.

गोंदियावरून पुण्याची गाडी धरली. कापडी थैलीत पायलीभर नवा तांदूळ, खिशात ते लाल पाकीट. गाडीत एक दिवस आणि वर थोडं. पुण्यात आमच्या गावचा एक माणूस मोठ्या सोसायटीत चौकीदार आहे, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्याच्या खोलीवर उतरलो. त्यालाही डोळ्यांचंच सांगितलं. मग पाकीट दाखवून म्हटलं, "अशा अक्षरांचं दुकान कुठं आहे?"

त्यानं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, कोरियाचा डॉक्टर आहे का डोळ्याचा?"

"तू दुकान सांग."

त्यानं मोबाईलवर पाहिलं आणि हसायला लागला. "एक आहे का? हे पाहा, बाणेरले आहे, बालेवाडीले आहे, विमाननगरले आहे, चाकणकडे त लाईनच आहे. कंपन्या आहेत त्याईच्या. साहेब लोक आले, त्याईच्या मागं त्याईचं खाणं आलं."

पण परत फिरणं माझ्या स्वभावात नाही. त्यानं एका कागदावर जागांची नावं मराठीत लिहून दिली. मी तो कागद पाकिटात घातला आणि सकाळी उठून निघालो.

पहिलं हॉटेल काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खालच्या पहारेकऱ्यानं माझं धोतर पाहिलं, थैली पाहिली. "आजोबा, कुठं निघालात?"

"वर. जेवाले."

"वरती फार महाग आहे हो."

"मी तुले विचारलं का महाग आहे का सस्तं?"

तो वाईट माणूस नव्हता. मी नातीचं सांगितल्यावर वर फोन लावून त्यानं विचारलं, गोंदियाची कोणी मुलगी कामाला आहे का. नव्हती. मी त्याला पाकीट दाखवलं. भिंतीवरच्या पाटीशी ताडून पाहिलं. गोल आणि काड्या तशाच होत्या. म्हणजे रस्ता बरोबर होता, माणूस नव्हता.

दुसरीकडे किराणा दुकान होतं. थंडगार, उजेडाचं. कप्प्याकप्प्यांत पाकिटं, लाल तिखटाच्या चटणीचे डबे, बरण्या आणि काळ्या कागदासारखा समुद्राचा पाला, गठ्ठे बांधून ठेवलेला. गल्ल्यावर दोन पोरी होत्या, बारीक डोळ्यांच्या. मी हळूहळू, हातवारे करून विचारलं, "आप... कोरिया से?"

एक जण फसकन हसली. "नहीं बाबा, मणिपुर से. आपके ही देश के हैं."

मी खाली पाहिलं. माझ्या नातीकडे पाहून या शहरात कोण काय विचारत असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला. त्या पोरीनं मला स्टूल दिला, पाणी दिलं. मी नातीचं विचारल्यावर म्हणाली, "हमारे यहाँ महाराष्ट्र की कोई नहीं है. आप फोन क्यों नहीं करते पोती को?"

मी म्हटलं, "फोन में बात नहीं होती."

ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

दिवसभर फिरलो. दोन ठिकाणी दार बंद होतं, संध्याकाळी उघडतात म्हणे. एका ठिकाणी दुकानच उठून गेलं होतं, पाटी तेवढी राहिली होती. रिक्षावाले मला पत्त्याच्या जवळपास सोडायचे, मग मी वर पाट्या पाहत, थैली या खांद्यावरून त्या खांद्यावर करत चालायचो. एवढ्या मोठ्या गावात कोणी कोणाला 'कुठं चालले' म्हणून विचारत नाही. आमच्याकडे बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारतात. उत्तर ऐकायचं नसतं, विचारायचं असतं. त्या दिवशी मला एकानंही विचारलं नाही. एका बसथांब्यावर मी बराच वेळ बसलो. बसगाड्या आल्या, गेल्या. बाजूला माणसं बसली, उठली. मला वाटलं, मी इथंच मान टाकली तर थैलीतला तांदूळ पाहून तरी कोणाला कळेल का, हा माणूस कुठला?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाणेरकडच्या एका हॉटेलात शिरलो. लहान होतं, खालीच होतं, कोणी अडवलं नाही. भूकही लागली होती. टेबलाच्या मधोमध शेगडी, वरून धुराचा नळा लोंबलेला. आंबवलेल्या कोबीचा आणि लसणाचा वास. वाढणारी बाई मराठी होती, चाळिशीची, लातूरकडची. मी म्हटलं, "भात आणा. आन् त्याच्यासंगं जे असते ते."

तिनं आधी न मागता पाच-सहा वाट्या मांडल्या. लाल कोबी, मोड आलेली कडधान्यं, कसलासा पाला आणि एका वाटीत बारीक सुकट, गोडसर केलेली. सुकट पाहून बरं वाटलं. आमच्या तलावातल्या मासोळ्या वाळवून आम्हीही खातो, गोड करत नाही एवढंच. रस्सा आला. मग झाकणाच्या स्टीलच्या वाटीत भात आला.

झाकण काढलं आणि माझं डोकं फिरलं. भाताचा गोळा! शितं एकमेकांना चिकटलेली, चमच्यानं तोडावी लागतील अशी. आयुष्यभर धान केलेल्या माणसासमोर पैसे घेऊन हा भात?

"बाई!" मी बोट वाटीत रोखलं. "पाहुण्याले नवा तांदूळ कायले वाढता? जुना नाई का घरात? का थैल्या भरून ठेवल्या आन् पाहुण्याच्या तोंडी हा गोळा?"

आजूबाजूची माणसं पाहायला लागली. ती बाई मात्र रागावली नाही. तिनं तोंडावर पदरासारखा हात धरला आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही गोंदियाचे का?"

"कशावरून?"

"आमच्याकडे एक पोरगी होती. कामाला आली त्या पहिल्याच दिवशी मालकिणीशी भांडली. अगदी हेच. पाहुण्याले नवा तांदूळ कायले वाढता. असंच बोट रोखून."

माझा हात टेबलावर खाली आला.

"जुना-नवा काही नाही हो," ती सांगू लागली. "यांचा तांदूळच चिकट असतो. काड्यांनी उचलायचा ना. मोकळा भात यांना आवडत नाही. ती म्हणायची, म्हणजे हे लोक पाहुण्यालाही घरचाच भात वाढतात."

"कुठं आहे ते?"

"दीड वर्ष होती इथं. आता यांच्याच ओळखीच्या किराणा दुकानात आहे. सगळा माल तीच पाहते."

आतून मालकीण आली. पांढऱ्या केसांची, माझ्या बायकोएवढी ठेंगणी. लातूरच्या बाईनं तिला काय सांगितलं कोण जाणे, तिनं माझ्या थैलीकडे बोट केलं. मी गाठ सोडली. तिनं चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला आणि एक दाणा पुढच्या दातांनी कट्ट करून तोडला. दाणा ओला की सुकला, ते आम्ही तसंच पाहतो. मग तिनं मान हलवली. मीही हलवली. बाकी आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं आणि नको होतं.

मी तो भात संपवला. खरं सांगायचं तर रश्शासोबत बरा लागला.

किराण्याचं दुकान तिथून चालत जाण्याएवढंच दूर होतं. लातूरच्या बाईनं दारापर्यंत येऊन वळणं सांगितली. पाटीवर तेच गोल, त्याच काड्या. काचेतून पाहिलं.

ती गल्ल्यावर उभी होती. हिरवा एप्रन, केस आखूड कापलेले. एका कोरियाच्या बाईशी त्या बाईच्या भाषेत भराभरा बोलत होती आणि ती बाई हसत होती. अंगणातलं ते पुटपुटणं मला आठवलं. ते हेच होतं.

मी आत जाऊन तांदळाच्या थैल्यांजवळ उभा राहिलो. तिनं मला पाहिलं. पाहिलं हे मला कळलं, कारण तिचा हात बिलाच्या यंत्रावर क्षणभर थांबला. पण समोर तीन गिऱ्हाइकं होती. तिन्ही केली. पिशव्या भरून दिल्या, वाकून निरोप दिला. हातातलं काम टाकून धावत यायचं, ही आमच्या घरची रीत नव्हे. मला तिचा रागही आला आणि बरंही वाटलं.

मग ती आली. "कवा आला?"

"परवा."

"जेवला?"

"जेवलो. तुह्या जुन्या हॉटेलात."

"भांडला?"

मी थैली पायाशी ठेवली. तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसली नाही. मला स्टूल दिला, स्वतः थैल्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. "एवढ्या दूर एकटा आला. गावात काय सांगून आला?"

खोटं बोलता आलं असतं. "डोळे दाखवाले जातो म्हटलं."

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे मी डोळ्याचा डॉक्टर."

मी थैली पुढं केली. "नवा तांदूळ आहे. शिजव आन् खा. मंग झालं."

"काय झालं?"

"घास."

तिनं थैलीत हात घातला, मूठ भरली, सोडली. पुन्हा भरली, सोडली. "हा घास नोहे, आबाजी. हा त नुसता तांदूळ. घास घरी निघते. बंद केला चार लोकाईसमोर, आन् आता थैलीत घालून कानात सांगाले आला."

मी म्हटलं, "तुही आजी काढत होती."

"माहीत आहे. त्याच दिवशी फोन करे. तुहा घास झाकला म्हणे."

"मलेही माहीत होतं."

"तुले माहीत आहे, हे तिलेही माहीत होतं." तिचा आवाज खाली गेला. "मागच्या वर्षी नाई निघाला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाई सांगितलं. फोनच नाई आला कोणाचा. दिवसभर पाहून राहिली होती."

दारावरची घंटी वाजली. कोणी गिऱ्हाईक आलं, एक बरणी घेऊन गेलं. ती गल्ल्यावर जाऊन परत येईपर्यंत मी त्या थंड खोलीत बसून होतो. बोलायचं होतं ते सोपं होतं. चुकलं. तीन अक्षरं. चौथी शिकलेल्याला तीन अक्षरं यायला पाहिजेत. माझ्या तोंडातून निघाली नाहीत.

ती परतली ती कागदी पिशवी घेऊन. माझ्या थैलीतला अर्धा तांदूळ तिनं पिशवीत ओतून घेतला, एक दाणा खाली पडला तो उचलून आत टाकला, आणि थैलीला गाठ मारून माझ्या मांडीवर ठेवली.

"अर्धा माह्याजवळ राहू दे. अर्धा तू घरी ने. तिथं काढजो, सगळ्याईसमोर. मंग मी हा शिजवीन."

"आन् नाई काढला त?"

"त इथं तांदळाची कमी नाई." तिनं मागच्या थप्पीवर हात ठेवला.

हे माझंच रक्त, मी मनात म्हटलं. उठताना खिशातून ते लाल पाकीट निघालं. तिनं घेतलं. "हे कुठून?"

"तुह्या कपाटातून. अक्षरं पाहत पाहत आलो."

तिनं ते पालथं केलं. मागची वाळलेली शितं अंगठ्यानं चाचपली. मग पाकीट माझ्या खिशात परत घातलं, वरून हात दाबला. "सांभाळून जाजो. गाडीत खिडकीजवळ बसजो."

दारापर्यंत ती आली नाही. मी वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत अर्ध्या थैलीचं ओझं पूर्ण थैलीहून जड झालं होतं. मी एवढ्या दूर गेलो होतो ते कशासाठी, हे मला नागपूरच्या पुढं, आमच्याकडच्या बांध्या दिसायला लागल्यावर कळलं. गावाला कळू नये म्हणून गेलो होतो. पोरगीही परत मिळावी आणि माझा शब्दही राहावा, असा हिशेब होता. तिनं तो एका मुठीत ओळखला.

नवं ठरलं. भावकी आली, मुलगा या वेळी घरी होता, सूनबाईनं खीर केली. भात त्याच थैलीतल्या तांदळाचा. सगळे ओळीनं बसले. चुलतभाऊ बसता बसता म्हणाला, "काय म्हणते डॉक्टर? दिसाले लागलं का काही?"

मी पळसाचं पान हातात घेतलं होतं. खाली ठेवलं.

"डॉक्टरकडे गेलोच नाई," मी म्हटलं. "नातीकडे गेलतो पुण्याले. कोरियावाल्याईचं दुकान सांभाळते ते. त्याईच्याच भाषेत. तिचा घास काढून राहिलो. कोणाले काही म्हणायचं असंल त आताच म्हणा."

सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग चुलतभाऊ भाताकडे पाहत म्हणाला, "आमी कवा म्हटलं होतं बंद कर? तूच उभा राहिला होता. आमी त खीर खाऊन राहिलो होतो."

सगळे हसले. चार वर्षांपूर्वी हसले होते तसेच. मला वाटलं होतं, माझा शब्द सगळ्या गावानं छातीशी धरून ठेवला आहे. त्यांनी तो हात धुताना तिथंच सोडला होता. मी एकटाच तो धरून बसलो होतो आणि त्याच्यापायी एक म्हातारी चोरून घास झाकत राहिली.

मी घास काढला. खिरीचा थेंब टाकला. गंज पालथा घातला.

जेवणं झाली, लोक गेले. ऊन अजून ओसरीवर होतं. सून भांडी गोळा करत होती तेव्हा तिचा फोन वाजला. ती ओसरीच्या टोकाला जाऊन बोलली, हळू. मग फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे वळली.

"बाबा, विचारून राहिली, आजी नव्या तांदळाले पाणी किती घाले?"

दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

"तांदळावर बोटाचं पहिलं पेर बुडंल एवढं," मी म्हटलं, फोनमध्ये ऐकू जाईल असं. "त्याहून थोडं कमीच. जाळ बारीक. आन् मधात झाकण काढू नको."

सुनेनं ते सांगितलं. ऐकलं. "चिकटंल म्हणते."

"चिकटला त चिकटू दे," मी म्हटलं. "पाहुणं नोहे ते."

सुनेनं फोन माझ्याकडे धरला. मी हातानं नाही म्हटलं. तेवढ्यात पलीकडूनही ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळच्या बसनं मुलगा-सून गोंदियाला गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. गंज जागेवर होता, या वेळी खाली एकच घास होता, तरी मला तो तिरपाच दिसला, बायको घालायची तसा.

सकाळी पान उचलून गोठ्यात नेलं. गायीनं पानासकट खाल्लं. तिला नवा काय आणि जुना काय.